वेलचीचा वास

तात्या,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा अधिकार घरात सगळ्यात कमी कोणाचा असेल तर तो माझा आहे. शिवाय मला लिहिता येतं असंही नाही. परीक्षेचे पेपर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. पण तुम्ही गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोकांनी मला बोलायला उभं केलं. "शिकलेला तूच हायेस घरात," म्हणाले. मी माइकजवळ गेलो, "तात्या माझे चुलते होते" एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. लोकांना वाटलं, पोराला रडू आलं. काकीनं खाली बसायची खूण केली. मी बसलो.

रडू आलं नव्हतं तात्या. मला जे बोलायचं होतं ते त्याच जागी, त्याच लोकांसमोर बोलायचं होतं आणि तेवढा धीर झाला नाही. मी तुमच्यावर एक आळ घेतला होता. तुम्ही असताना तो परत घेतला नाही. हे लिहिणं त्यासाठी आहे. काल दुपारी एक गोष्ट कळली, ती मात्र शेवटी लिहितो. आधी लिहिली तर बाकीचं राहून जाईल.

बीडमध्ये मी खोलीवरच्या मुलांना सांगायचो की माझे चुलते आमच्या गावी, युसूफ वडगावला, मोटारी भरतात. त्यांना वाटायचं, ट्रकमध्ये माल भरतात. मग समजावून सांगावं लागायचं, की विहिरीतली पाणबुडी मोटार जळाली की ती उघडायची, आतली जळकी तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेढे मोजून एकेका खाचेत बसवायची. हे सांगताना मला थोडी शान वाटायची. वेढे मोजताना तुम्ही कोणाशी बोलत नसायचात. गिऱ्हाईक आलं तर डाव्या हाताचा पंजा दाखवायचा, म्हणजे थांबा. एकदा सरपंचालाही तुम्ही तसंच उभं ठेवलं होतं.

बारावीचा निकाल लागायच्या आधीच्या सुट्टीत मी दुकानात बसत होतो. एकानं मोटार आणून टाकली. मी वाकून वास घेतला आणि सांगून टाकलं, "जळाली. पूर्ण भरावी लागंल." तुम्ही ती उघडली. आतली तार कोऱ्या नाण्यासारखी चमकत होती. जळाला होता तो फक्त वरचा केबलचा जोड.

"वास कशाचा बी येतो," तुम्ही म्हणालात. "केबलचा येतो, वंगनाचा येतो. उघडल्याबिगर बोलायचं न्हाई, प्रोफेसर. त्याची मोटार मेली न्हवती. तू मारून टाकलीस."

प्रोफेसर हे नाव तेव्हा पडलं. मी बी.एस्सी.ला गेल्यावर तुम्ही ते सगळ्या वडगावाला सांगितलं.

मी पाचवीत असताना तुम्ही दारू सोडली. त्याआधीचे तुम्ही मला नीट आठवत नाहीत. आईला आठवतात, पण ती सांगत नाही. विहारात सगळ्यांसमोर उभं राहून तुम्ही सोडली आणि तेव्हापासून दर पौर्णिमेची वंदना तुम्हीच घेऊ लागलात, कारण आवाज तुमचा होता. तुम्ही पंचशील म्हणायचात आणि मागून सगळे. पाचवं शील, दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं, तुम्ही बाकीच्या चारांपेक्षा जरा सावकाश म्हणत होतात. ते मला लहानपणीच कळलं होतं. एक गोष्ट मात्र आता कळते. सोडलेल्या माणसाकडे लोक कौतुकानं बघतात, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटही बघत असतात. मी त्यांच्यातलाच एक निघालो.

यंदा थंडी सरत असताना तुम्हाला सकाळी उठल्या उठल्या उलटी होऊ लागली. डोकं मागच्या बाजूनं दुखायचं. मळमळ थांबावी म्हणून तुम्ही वेलची चघळायला लागलात, शर्टाच्या खिशात स्टीलची छोटी डबी ठेवून. पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. चक्कर येऊ लागली तेव्हा दुसऱ्यांनी मानेचा फोटो काढला आणि मणका झिजलाय म्हणून पट्टा दिला. उजव्या कानानं कमी ऐकू येतं म्हटल्यावर तिसऱ्यांनी कानात घालायला थेंब दिले. एका खाचेच्या दोन खाचा दिसू लागल्या तेव्हा चष्मा आला. मी कोणाला दोष देत नाही तात्या. प्रत्येकाला जे दिसलं ते तिथं होतंच. पित्त होतं, मणकाही झिजलेला होता.

काकी म्हणाली होती, "मानंला पट्टा, डोळ्याला चष्मा, कानाला थेंब. आता नाकच तेवढं राहिलं."

"नाक र्‍हाऊ दे," तुम्ही म्हणालात. "तुझी भाजी करपली तर कळाया पायजे."

मग भरलेल्या मोटारी परत यायला लागल्या. वरच्या आळीचे किसनराव आपली मोटार घेऊन आले तेव्हा मी दुकानात होतो. आठ दिवसांत जळाली होती. पायरी चढताना तुम्ही शटर धरलं, पाय फाकवून उभे राहिलात. ते किसनरावांनी बघितलं.

"तात्या, वेढे मोजताना गिलास बी मोजत व्हते का काय?"

बसलेले दोघंतिघं हसले. तुम्हीही हसलात. मग मोटार तिथंच उघडली, एकेक वेढा उलटा मोजला आणि म्हणालात, "किसनराव, वेढे कमी पडलेत. माझी चूक हाय. परवा न्या." त्या दिवसापासून काकी शेजारी पाटावर बसून मोठ्यानं वेढे मोजायची आणि तुम्ही तार फिरवायचात. काकीचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. लोक म्हणायचे, तात्याच्या दुकानात पाढे चाललेत. मी ते बघितलं तात्या. बघून मला काय वाटलं ते आज लिहितो. मला वाटलं, तुम्ही पिऊ नये म्हणून काकी राखण करतेय.

वैशाख पौर्णिमेला मी बीडहून आलो. विहार भरलं होतं, सगळे पांढऱ्या कपड्यात. मी तिसऱ्या रांगेत उभा होतो. तुम्ही पुढं, हात जोडलेले, डोळे मिटलेले. तिसऱ्या शीलापासून तुम्ही हलायला लागलात. आधी पुढंमागं, मग उजवीकडं. चौथं कसंतरी झालं. पाचव्याला तुम्ही तोंड उघडलं आणि आधारासाठी टेबलावर हात टाकला. फुलांचं ताट, मेणबत्त्या आणि तुम्ही, सगळं एकदम खाली आलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर पाचव्यालाच घसरला बे."

हसू मोठं नव्हतं. पण सगळीकडून आलं. बारावीच्या निकालानंतर याच लोकांनी याच विहारात मला हार घातला होता. मला तेव्हा तुमची काळजी वाटली नाही, तात्या. लाज वाटली.

दंडाला धरून मी तुम्हाला घरी आणलं. ओट्यावर बसवलं. काकी पाणी आणायला आत गेली. मी म्हणालो, "तोंड उघडा." तुम्हाला वाटलं, मी जीभ बघतोय. डॉक्टरपुढं उघडावं तसं तुम्ही तोंड उघडलं, डोळे वर करून. मी वाकलो आणि वास घेतला. वेलचीचा होता.

"वेलची कावून खाता?"

"मळमळतंय म्हणून. सांगितलं ना तुला."

"पिणारे बी वेलचीच खातात, तात्या."

तुम्ही तोंड मिटलं. काकी तांब्या घेऊन दारात उभी होती.

"आज पाचवं शील घेतलंय बे मी," तुम्ही म्हणालात. "तुझ्यासमोर."

मी म्हणालो, "अर्धंच घेतलं. तिथंच पडलात."

हे वाक्य माझं आहे. मी ते म्हणालो नाही असं स्वतःला पटवून बघितलं, पण काकीलाही ते आठवतं. त्यावर तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही मान वळवून तिला म्हणालात, "पानी आदी त्याला दे. उनातून आलाय."

मी पाणी न पिता दुपारच्या एसटीनं बीडला गेलो. पुढचे दीड महिने फोन केला नाही. तुमचे दोन आले. एकदा प्रॅक्टिकल चालू होतं, एकदा नव्हतं.

शाळेत विज्ञानाच्या पेपरात मी उत्तर लिहिलं होतं: अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, शरीराचा तोल सांभाळतो. दोन मार्क होते, दोन्ही मिळाले. कॉलेजात तर त्याची आकृती मी न बघता काढतो. पण आमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचा तोल गेला तेव्हा मला ते उत्तर आठवलं नाही. मला दारूच आठवली. आपल्या गावात हलणाऱ्या माणसाचं एकच कारण असतं आणि माझं शिक्षण त्या कारणाच्या पुढं गेलं नव्हतं.

आषाढात काकीचा फोन आला. तुम्ही मोरीत पडला होतात. बीडच्या स्टँडवर मी तुम्हाला उतरवून घेतलं. तुम्हाला बघून रिक्षावाला म्हणाला, "पिलेला असंल तर मागं घाण नको." मी खाली बघत राहिलो. तुम्हीच त्याला म्हणालात, "न्हाई होनार बेटा. झालीच तर बाहेर तोंड काढतो."

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तुम्हाला फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. दोन पावलांत तुम्ही उजवीकडं गेलात. मग त्यांचं बोट आणि तुमचं नाक, आळीपाळीनं शिवायला सांगितलं. डावा हात बरोबर गेला. मोटारी भरणारा उजवा हात त्यांच्या बोटापर्यंत जाताना थरथरत बाजूला गेला.

"दारू घेता?"

तुम्ही त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलंत. "न्हाई. सोडली."

"कधी?"

"धा वर्सं झाली," काकी म्हणाली.

बाईंनी तसंच कागदावर लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. दहा वर्षांपासून दारू नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, वास घेतला नाही. त्या म्हणाल्या, "पोट, मान, कान, डोळे, सगळ्या तक्रारी एकाच जागेतून येऊ शकतात. आपण डोक्याचा एमआरआय करू."

एमआरआयचा कागद घरात वाचता येणारा मी एकटाच. लहान मेंदूच्या उजव्या कडेला, कानाच्या नसेजवळ गाठ होती. बहुधा साधी, असं लिहिलं होतं. मी लगेच आईला फोन करून सांगितलं, कॅन्सर नाही. बाई म्हणाल्या, "बहुधा हा शब्द वाचलास ना?" संभाजीनगरच्या सर्जननीही तेच सांगितलं. मोठ्या माणसात या जागी सहसा साधीच गाठ निघते. "पण उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

डोकं भादरलेले तुम्ही खाटेवरून माझ्याकडं बघून हसलात. "बघ," म्हणालात. तेवढंच.

उघडल्यावर कळलं, साधी नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं, मी विज्ञानाचा म्हटल्यावर. बारीक, गडद निळ्या पेशी, एकमेकींना खेटून. ते म्हणाले, अशा पेशी तीन-चार प्रकारच्या गाठींत दिसतात. फुप्फुसातून आलेली असू शकते, रक्तातल्या पेशींची असू शकते, किंवा जी एरवी लहान मुलांना मेंदूच्या मधोमध होते तीही असू शकते. मोठ्या माणसात, आणि तीही अशी कडेला, क्वचित. छातीपोटाची तपासणी झाली, तिथं काही नव्हतं. प्रत्येक प्रकाराचा उपचार वेगळा, म्हणून आधी नाव कळायला हवं. त्यासाठी तो नमुना मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा होता.

नमुना म्हणजे मेणाचा ठोकळा, बोटाच्या पेराएवढा. त्यात तुमच्या गाठीचा तुकडा बसवलेला. उन्हात ठेवू नका, हरवू नका, दुसरा नाही, असं त्यांनी बजावलं. काकीनं तुमची स्टीलची डबी रिकामी केली, पुडी तिच्यात ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. मी ती बसमध्ये सबंध रस्ता मुठीत धरली होती. मुंबईच्या खिडकीवरच्या बाईंनी पुडी घेतली आणि म्हणाल्या, "वेलचीचा वास येतोय का याला?" मी म्हणालो, हो.

परत आलो तर तुम्हाला ताप होता. ताप उतरल्याशिवाय किरणांचा उपचार सुरू होणार नव्हता आणि नाव कळल्याशिवाय कुठवर किरणं द्यायची तेही ठरणार नव्हतं. तुमची जीभ जड झाली होती, शब्द लांबत होते. काकी चहा आणायला गेली तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"आता तर बोलनं बी पिल्यावानी झालंय," म्हणालात. "घे, वास घे आता."

तुम्ही हसत होतात. मीही हसलो. तात्या, तेव्हा म्हणायचं होतं. दार उघडून दिलं होतं तुम्ही. मी हसलो आणि तुमची चादर नीट करत बसलो.

मग तुम्ही विचारलंत, नक्की काय झालंय. मी औषधाच्या खोक्याच्या मागं मेंदू काढून दाखवला. लहान मेंदू इथं, गाठ इथं. तुम्ही लक्ष देऊन बघितलंत, गिऱ्हाइकाची मोटार बघावी तसं.

"म्हंजी बिघाड एवढुसा, आन् सगळी मोटार थरथरती."

"हो."

"नाव काय तिचं?"

"अजून कळलं नाही. मुंबईहून येईल."

"नाव कळाया पायजे," तुम्ही म्हणालात. "विहारात सांगाया लागंल ना लोकांला. पडलतो कावून ते."

उपचाराचं तुम्ही विचारलंच नाही. बरा होईन का, हेही नाही. तुम्हाला लोकांना सांगण्यासाठी एक नाव हवं होतं आणि लोकांमध्ये पहिला मी होतो. हे मला तेव्हा समजलं होतं. तरी मी खोक्याचा पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला.

चार दिवसांनी ताप फुप्फुसात उतरला आणि तुम्ही गेलात. मुंबईहून काहीच आलं नव्हतं.

दुकान बंद आहे. तुमच्या टेबलावर एक मोटार अर्धी भरलेली आहे आणि काकी ती कोणाला हात लावू देत नाही. आकडा तिला पाठ आहे, म्हणते. कितव्या वेढ्यावर थांबलात ते ती कोणालाही सांगत नाही. किसनराव पुण्यानुमोदनाला आले होते. कोपऱ्यात बसले, जेवले नाहीत. पाचव्या शीलाच्या वेळी कोणी हसलं नाही. पण तुम्ही प्याला होतात असं त्यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं. मेल्यावर माणसाला माफ करतात, तेवढंच त्यांनी केलं होतं.

काल दुपारी कॉलेज सुटलं तेव्हा फोनवर मुंबईचा अहवाल आला. स्टँडजवळच्या दुकानात छापून घेतला आणि वाचता येत असूनही वाचला नाही. सरळ दवाखान्यात गेलो. त्याच डॉक्टर बाईंची ओपीडी संपत आली होती. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला.

"मेड्युलोब्लास्टोमा," त्या म्हणाल्या. मला नीट लिहिता यावं म्हणून पुन्हा एकदा, तोडून म्हणाल्या. लहान मुलांत होणारी, लहान मेंदूत सुरू होणारी कॅन्सरची गाठ. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसात आणि अशी कडेला त्यांनी आजवर फक्त पुस्तकात बघितली होती.

मी विचारलं, "ती कधीपासून असेल?"

"नक्की तारीख कोणी सांगू शकणार नाही."

"वैशाख पौर्णिमेला होती का?"

त्यांनी वर बघितलं. "त्या दिवशी काय झालं होतं?"

मी सांगितलं. हात जोडून, डोळे मिटून उभे होते. आधी पुढंमागं हलले, मग उजवीकडं गेले आणि पडले. पाचव्या शीलाला. मग ओट्यावर मी काय केलं तेही सांगितलं, वेलचीसकट. फाइल उघडून त्यांनी आषाढातला तो पहिला कागद काढला, स्वतःच्या हातानं लिहिलेला. सकाळच्या उलट्या थंडी संपतानापासून. उजवा कान. दोन दोन दिसणं. चालताना उजवीकडं जाणं. एकेका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि दहा वर्षांपासून दारू नाही, या ओळीवर ते थांबलं.

"होती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तीच होती."